चार बाटल्या आणि कडुलिंबाची सावली

एका घाटाच्या पायथ्याशी, चढणीला लागण्याआधी जिथे प्रत्येक गाडी क्षणभर थांबते अशा वळणावर, एक वृद्धा गाड्या उजळण्याचं काम करीत असे. उजळण्याचं म्हणते आहे, धुण्याचं नव्हे. धुणं कोणालाही येतं. धुतलेल्या पत्र्यावर मेणाचा पातळ थर द्यायचा, तो सुकू द्यायचा, पुसायचा, पुन्हा द्यायचा आणि रंगाच्या आतला रंग वर आणायचा, ही विद्या आहे. ती तिला कोणी शिकवली नव्हती. तिची ती शिकली. सारा परिसर तिला आक्का म्हणे.

आक्का डोळे मिटून बॉनेटवर तळवा फिरवी आणि सांगे, ही गाडी उजवीकडून एकदा ठोकली गेली आहे. हिला कोणीतरी कपड्याच्या साबणाने धुतलं आहे. ही समुद्राकाठी राहून आली आहे. मालक चकित होऊन विचारी, "आक्का, तुम्हाला कसं कळलं?"

"गाडी सांगती की. तुम्ही कधी विचारलंय का तिला?"

एक सव्वीस वर्षांचा तरुण मामाची जीप घेऊन एकदा तिथे आला. आक्काच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक काळी गाडी नुकतीच पुसून उभी होती. तो सहज तिच्या बॉनेटकडे पाहू लागला आणि पाहतच राहिला. त्या काळ्या पत्र्यात आकाश होतं. पत्र्यावर पडलेलं नव्हे, आत, फार खोल. एक घार त्या खोलीतून संथपणे सरकत गेली. तरुणाने वर पाहिलंच नाही. वरची घार त्याला खोटी वाटली असती. मामाची जीप मामाकडे परत गेली, हा मात्र तिथेच राहिला.

तीन वर्षं त्याने बादल्या भरल्या, फडकी पिळली, आणि हळूहळू त्याच्याही हाताला काही कळू लागलं. मग त्याच्या मनात आलं की हे जगाला दाखवावं. तो फोनवर व्हिडिओ करू लागला. आक्काचे सुरकुतलेले हात, त्यांच्याखाली उगवत जाणारा ढग, मेण पुसल्यावर पाण्याचा थेंब आळवाच्या पानावर पळावा तसा पळणारा. लोक बघू लागले. आधी शेकड्यांनी, मग लाखांनी. वळणावर वडापच्या, म्हणजे सीटं भरून माणसं नेणाऱ्या, जीपांचा थांबा होता. तिथले ड्रायव्हर एकमेकांना सांगत, "आक्काचा चेला म्हणतो म्हणजे खरं असणार." तो सांगेल ते फडकं, तो सांगेल तो साबण. चार वर्षांत त्याने एकदाही खोटं सांगितलं नव्हतं, आणि याचा त्याला अभिमान होता. असायलाच हवा. मला अभिमान नसलेली माणसं आवडत नाहीत.

त्याच सुमारास बाजारात गाड्यांची चार नवी पॉलिशं आली. नावं मी सांगत बसत नाही, बाटलीच्या रंगाने ओळखा: तांबडं, पिवळं, निळं आणि हिरवं. प्रत्येकाचा वास निराळा, आणि प्रत्येकाची स्तुती करणारा माणूसही निराळा. त्यांना हल्ली इन्फ्लुएन्सर म्हणतात. पूर्वी जत्रेत दंतमंजन विकणारा स्वतःच्या तोंडाने स्वतःच्या मालाची स्तुती करी. ऐकणाऱ्याला निदान एवढं ठाऊक असे की हा विकायला उभा आहे. आता विकणारा घरात बसतो. बाहेर येतो तो आपल्याच वयाचा, आपल्याच बोलीतला कोणी, आणि 'मित्रांनो' म्हणून खांद्यावर हात टाकतो. तांबड्याचा स्तुतिपाठक म्हणे, निळं रंग खातं. निळ्याचा म्हणे, पिवळ्यात नुसतं पाणी आहे. पिवळ्याचा म्हणे, हिरवं लावलं की सहा महिन्यांत गाडी भंगारात. अशी जुंपली की ड्रायव्हर लोक चहा थंड करून ते बघत बसत.

"आता तूच सांग बाबा," ते शिष्याला म्हणू लागले. "तू कुणाचा न्हाईस."

तू कुणाचा नाहीस. केवढं मोठं वाक्य! त्या वाक्याने त्याची छाती भरून आली. त्याने ठरवलं, आपण चारही विकत आणायची, कोणाकडून फुकट घ्यायची नाहीत, आणि निःपक्षपाती परीक्षा करायची. शेडच्या कोपऱ्यात कडुलिंब होता. त्याच्या अलीकडे त्याने शेडवरची एक पांढरी गाडी लावली, बॉनेटवर चिकटपट्टीने चार भाग आखले आणि डावीकडून उजवीकडे एकेक पॉलिश लावलं. सुकू दिलं, पुसलं, पाणी ओतलं, थेंब निरखले. तीन दिवस, तीन सकाळी, तीच गाडी, तीच जागा, तोच क्रम. तिन्ही वेळा उजवीकडचं हिरवं निर्विवाद श्रेष्ठ ठरलं. तांबड्यावर पांढुरके ओघळ राहिले. पिवळं नि निळं बरं होतं. हिरव्यावर मात्र थेंब असे धावत की बघणाऱ्याने हसावं.

आक्का दुरून पाहत होती. तिसऱ्या दिवशी ती एवढंच म्हणाली, "एकदा गाडी फिरवून लाव की."

"फिरवली तर उजेड कॅमेऱ्यात नीट येत नाही, आक्का."

"बरं, जजसाहेब," आक्का म्हणाली आणि फडकं पिळू लागली. त्या दिवसापासून ती त्याला जजसाहेबच म्हणू लागली. त्यातला टोमणा त्याला कळत होता, कारण कळत नव्हतं.

परीक्षा झाल्याची बातमी त्यानेच व्हिडिओत दिली होती, निकाल मात्र राखून ठेवला होता. दोन दिवसांत एक व्यापारी शेडवर आला. शुभ्र कपडे, मृदू बोलणं, हातात एकही अंगठी नाही. म्हणाला, "आम्ही हिरव्याचे. निकाल काय लागला ते विचारायला आलो नाही, तुमचा चेहरा सांगतोय. अक्षय्य तृतीयेला नव्या गाड्यांच्या पूजेला सगळा तालुका मैदानात जमतो. तिथे मंडप आमचा, ध्वनिक्षेपक आमचा. निकाल तुमचा. तो तुम्ही तिथे जाहीर करा. पुढे बाटलीवर तुमचा फोटो येईल, खाली एक ओळ: आक्काच्या शिष्याची पसंती."

"मी पैसे घेणार नाही," शिष्य ताठ मानेने म्हणाला.

"घेऊच नका!" व्यापारी मनापासून म्हणाला. "तुम्ही घेतले तर काय उरलं? तुम्ही घेत नाही म्हणून तर आलो."

एवढ्या वेळात आक्का व्यापाऱ्याच्या लांब काळ्या गाडीपाशी गेली होती. तळवा टेकवून ती क्षणभर उभी राहिली. मग म्हणाली, "शेठ, तुमच्या गाडीला ह्या चारातलं एकबी लावलेलं न्हाई."

व्यापाऱ्याने तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं, जशी मंडळी देवळाच्या गाभाऱ्याकडे पाहतात. मग हसला. "ड्रायव्हर ओल्या फडक्याने पुसतो, आक्का. त्याला दुसरं काही जमत नाही." आणि नमस्कार करून गेला.

शिष्याला रात्रंदिवस मंडप दिसू लागला. तालुक्यातली एकूणएक जीप उद्या आपल्या शब्दावर चालणार, या विचाराने तो थोडा हर्षला आणि थोडा भ्यालाही. तो आक्काला म्हणाला, "तुम्ही याल ना मैदानात? तुम्ही पुढे बसल्याशिवाय मी बोलणार नाही."

"येईन. पण आधी माझी दोन कामं कर. का म्हणून विचारायचं न्हाई."

पहिलं काम असं. चार बशा घ्यायच्या, प्रत्येकीच्या बुडाला एकेका पॉलिशचं नाव लिहायचं, आत ते पॉलिश ओतायचं आणि शेडच्या पत्र्यावर उन्हात ठेवून द्यायचं. आठ दिवस.

चैत्राचं ऊन. पत्र्यावर आक्काच्या कुरडया वाळत होत्या, त्यांच्या शेजारी या चार बशा मांडल्या गेल्या. तांबडी, पिवळी, निळी, हिरवी. थांब्यावरचे ड्रायव्हर खालून ओरडत, "आक्का, तळायच्या कधी?" शिष्य शरमून जाई. चार वर्षं ज्या गुरूच्या हाताकडे आपण देव्हाऱ्याकडे पाहावं तसं पाहिलं, तिला म्हातारपणाने घेरलं की काय, अशी शंकाही त्याच्या मनाला शिवून गेली. पण बशा त्याने उतरवल्या नाहीत.

आठव्या दिवशी आक्काने बशा खाली आणल्या. येता येता त्यांची जागा बदलली. "वळख," ती म्हणाली.

त्याने पाहिलं. चारही बशांत एकच मळकट पांढरी साय होती. तांबडं गेलं होतं, निळं गेलं होतं. त्याने नाकाशी धरलं. गुलाब नाही, मोगरा नाही, लिंबू नाही, कैरी नाही. त्याने बोटाच्या पेरांत साय चुरली, तळव्यावर घासली, डोळे मिटले. चार वर्षांत कमावलेली सगळी बोटं त्याने पणाला लावली. चारही बशा बोटांना एकच गोष्ट सांगत होत्या.

शेवटी त्याने एका बशीवर हात ठेवला. "हे हिरवं. हाताला थोडं मऊ लागतंय."

आक्काने बशी उलटी केली. बुडाला लिहिलं होतं: तांबडं.

त्याने बशी डोळ्यांजवळ धरली. अक्षर त्याचंच होतं. मग म्हणाला, "उन्हाने सगळंच सारखं होतं, आक्का. योगायोग असेल."

"असंल की," आक्का शांतपणे म्हणाली. "आता दुसरं काम. चारी रिकाम्या बाटल्यांवर पाठीमागं बारीक अक्षरात पत्ता असतो. ज्याची बाटली त्याला नेऊन दे. पण चारी एकाच दिवशी. उद्यावर टाकायचं न्हाई."

"रिकाम्या बाटल्या? त्यांना काय सांगू?"

"सांग, आक्कानं परत केल्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मोटारसायकलवरून जिल्ह्याच्या गावी गेला. तांबड्याचा पत्ता भांडी बाजाराच्या रस्त्यावर होता. तांबडा फलक, काचेचं दार, आत टेबलाशी एक मुलगी. तिने बाटली घेतली, नवल केलं, चहा विचारला. पिवळ्याचा पत्ता कापड पेठेत. तो दोन वळणं घेऊन तिथे पोचला. पिवळा फलक, पिवळ्या भिंती. निळ्याचा पत्ता टपाल कचेरीच्या गल्लीत. तिथे बाटली देताना आतून एक घंटा वाजली, आणि त्याला उगाच वाटलं की हाच आवाज मघाशी पिवळ्यापाशीही दुरून आला होता. हिरव्याचा पत्ता तेलघाणीच्या रस्त्यावर. तो पुन्हा दोन वळणं घेऊन तिथे गेला. आपण एकाच इमारतीला फेरी मारून आलो हे त्याच्या ध्यानात आलं नाही. कसं येणार? प्रत्येक रस्त्याला तिने निराळं तोंड दाखवलं होतं.

हिरव्या दारातल्या कारकुनाने त्याला ओळखलं. "अरे, तुम्ही! शेठ आतच आहेत. या, या, जेवायच्या वेळेला आलात." आणि आतलं दार उघडलं.

आत चौक होता.

आपलं लहानसं घर असतं, त्याच्या पाठीमागे एक दार असतं आणि ते उघडताच समोर धरणाचं पाणी यावं, तसं त्याला झालं. चौकाच्या मधोमध एक टाकी होती. पोलादी, गोल, चिंचेच्या झाडाएवढी उंच. तिच्यातून काहीतरी मंद घुमत होतं, आणि तो नाद पायाच्या तळव्यांना जाणवत होता. टाकीच्या बुडातून एकच नळ निघाला होता. माणसाच्या मांडीएवढा जाड. पुढे जाऊन त्याला चार तोट्या फुटल्या होत्या. चार तोट्यांखाली चार बाया बसल्या होत्या. पांढरं पॉलिश बाटलीत पडे, बाई एका वाटीतून रंगाचे चार थेंब सोडी, दुसऱ्या वाटीतून वासाचे दोन, आणि झाकण लावी. झाकणांचा आवाज एका लयीत येत होता. चारही दिशांना चार दारं होती. तांबड्या दारातली मुलगी डबा घेऊन चौकात आली आणि त्याला पाहून हसली.

"अहो, मघाशी तुम्हीच आला होता ना? मग बाहेरून कशाला फिरलात एवढं? आतून यायचं!"

आणि टाकीच्या पलीकडे, पत्र्याच्या सावलीत, एका चटईवर ते चौघे जेवत होते. तेच चौघे, ज्यांच्या भांडणापायी घाटाखालचा चहा थंड होत असे. निळं रंग खातं म्हणणारा निळ्याच्या पानात लोणचं वाढत होता. पिवळ्याने काही विनोद केला आणि हिरव्याला ठसका लागला, तेव्हा तांबड्यानेच त्याच्या पाठीवर थापा मारल्या.

शिष्याला राग यायला हवा होता. तो नंतर आला. त्या क्षणी त्याला वाटलं ते निव्वळ आश्चर्य, भव्यतेपुढे वाटतं तसं. एवढी मोठी गोष्ट, एवढ्या उजेडात, शहराच्या ऐन मध्यात उभी होती, आणि कोणालाही ती दिसत नव्हती.

व्यापारी उठून पुढे आला. चेहऱ्यावर ना शरम, ना घाई. "पाव्हणं, आज चारही दारांनी आलात म्हणायचं."

"शेठ, हे सगळं तुमचंच?"

"माझंच. मी कुठे लपवलं? पत्ते छापलेले आहेत. लोक एका दाराने येतात, एका दाराने जातात. चारही दारांना एकाच दिवशी कोणी जातच नाही."

"मग चार कशाला?"

व्यापाऱ्याने चौकाकडे हात केला. "एकच ठेवलं तर गिऱ्हाईक विचारतं, घ्यावं की न घ्यावं? चार ठेवली की विचारतं, चारातलं कुठलं घ्यावं? न घेण्याचा विचार त्याच्या डोक्यातून जातो. माल वाईट नाही माझा, लावून बघा. आणि तुम्ही हिरवं म्हणा, तांबडं म्हणा, मनाला पटेल तेच म्हणा. मला चारही लेकरं सारखी." त्याने आग्रहाने पान मांडायला सांगितलं. शिष्य जेवला नाही.

तो परतला तेव्हा ऊन कलायचं होतं. आक्का कडुलिंबाखाली बसली होती. त्याने सगळं सांगितलं आणि मग म्हणाला, "तुम्हाला आधीच ठाऊक होतं."

"हाताला ठाऊक होतं. चारी एकच लागत हुती."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, म्हातारीला जळजळ होतीय. म्हणला असतास का न्हाई?"

त्याने मान खाली घातली. मग एकदम उसळून म्हणाला, "पण मी तर खोटं बोललो नव्हतो, आक्का! पैसे घेतले नाहीत, बाटल्या विकत आणल्या, जे दिसलं तेच सांगणार होतो!"

तेव्हा आक्का जे बोलली ते फार थोडं आहे, पण त्यासाठीच मी ही गोष्ट सांगायला बसले आहे.

"खोटं बोलला न्हाईस, म्हणूनच तर तू त्यांच्या कामाचा. खोटं बोलणारे चौघं त्यांच्या घरात जेवतायत, पाचवा कशाला लागतोय? त्यांना एक खरं बोलणारा पायजे हुता. नुरा कुस्ती बघितलीस न्हवं? दोन्ही पैलवान आधीच ठरवून आलेले असतात. पण पंच खरा असला, कडक असला, की लोकांना कुस्तीबी खरी वाटती. पैलवान शेठचे, आखाडा शेठचा. पंच तेवढा त्यांना घरात तयार करता येत न्हाई. तो बाहेरनं आणावा लागतो. तुला परश्न त्यांनी दिला, चारातलं कुठलं, आणि तू इमानदारीनं उत्तर शोधत बसलास. परश्न कुणाचा हाय ते बघितलं न्हाईस."

मग त्याने विचारलं, "पण आक्का, हिरवं तिन्ही वेळा जिंकलं. माझ्या डोळ्यांनी पाहिलं मी. चारही एकच, तर मग ते कसं जिंकलं?"

आक्का उठली. "सकाळच्याला गाडी फिरवून लाव," ती म्हणाली आणि कुरडया गोळा करायला गेली.

सकाळी त्याने बाजारातून पुन्हा चार बाटल्या आणल्या आणि पांढरी गाडी फिरवून लावली. पूर्वीचं उजवं आता डावीकडे आलं. बॉनेटवर पट्ट्यांचा तोच क्रम, तीच फडकी. कडुलिंबाची सावली पत्र्यावर हलकेच येऊन थांबली, ती या खेपेला तांबड्यावर. पॉलिश सुकलं, त्याने पुसलं, पाणी ओतलं. हिरव्यावर पांढुरके ओघळ उठले. तांबड्यावर थेंब धावू लागले, असे की बघणाऱ्याने हसावं.

तो हसला नाही. त्याने वर पाहिलं. त्या झाडाखाली त्याने चार वर्षं डबा खाल्ला होता, फडकी वाळत घातली होती. तापल्या पत्र्यावर पॉलिश करपतं आणि सावलीतल्या पत्र्यात ते मुरतं, हे आक्काने पहिल्याच आठवड्यात त्याला सांगितलं होतं. आणि तो झाडाची करणी बाटलीच्या नावावर लिहीत बसला होता. पानं हलत होती. त्याने हात जोडले नाहीत, पण जोडल्यासारखा तो उभा राहिला.

अक्षय्य तृतीयेला मैदान फुलून गेलं. झेंडूच्या माळा घातलेल्या गाड्या, नारळ, हळदकुंकू, आणि मंडपात चार रंगांचे चार मोठे फुगे. आक्का पुढच्या रांगेत बसली होती, तिच्यापासून तीन खुर्च्या सोडून व्यापारी. शिष्य मंचावर गेला. त्याने पिशवीतून चार बशा काढून मेजावर मांडल्या. तो म्हणाला:

"मी निकाल देणार म्हणून तुम्ही आलात. निकाल सांगतो. माझ्या परीक्षेत जिंकली ती कडुलिंबाची सावली."

लोकांना वाटलं हा विनोद आहे. काहीजण हसले. मग त्याने सगळं सांगितलं, बशांचं, चार दारांचं, एका नळाचं, फिरवलेल्या गाडीचं. शेवटी म्हणाला, "माझ्या बोटांना फरक कळला नाही. तुमच्या कळतो का बघा. आणि गेल्या पंधरवड्यात मी तुम्हाला या चौघांचं भांडण खरं म्हणून बघायला लावलं. मला ते खरं वाटत होतं. तरी चूक माझीच."

ध्वनिक्षेपक एकाएकी बंद पडला. तो शेठचाच होता. पण तोवर एक म्हातारा जीपवाला उठून मेजापाशी आला होता. त्याने चारही बशांत बोट घातलं, धोतराला पुसलं आणि थांब्यावर हाक मारावी तशा आवाजात म्हणाला, "आयला! माझ्या जीपमधी चारी बाटल्या हायत!"

सगळं मैदान हसलं, आणि हसता हसता कित्येकांना आपापल्या जीपमधल्या बाटल्या आठवल्या.

"आरं पण मग लावायचं काय?" म्हाताऱ्याने विचारलं.

"कुठलंही लावा, काका. माल बरा आहे. पण आधी पत्र्यावर हात ठेवून बघा. तो मागत असेल तर लावा, नाहीतर नुसतं पाणी पुरे. आणि लावाल ते सावलीत."

व्यापारी उठला. जाताना आक्कासमोर थांबला. "आक्का, चार दारं बांधायला मला वीस वर्षं लागली."

"मला हात कमवायला चाळीस," आक्का म्हणाली. त्याने खरोखरच नमस्कार केला आणि तो गेला. त्याचा धंदा बुडाला असं मी सांगणार नाही. टाकी अजून घुमते आहे. शिष्याचे व्हिडिओ पाहणारे मात्र निम्म्याने घटले. ज्यांना निकाल हवा होता ते निकाल देणाऱ्या दुसऱ्या कोणाकडे गेले. थांब्यावरच्या जीपा तेवढ्या दुपारी कडुलिंबाखाली येऊन उभ्या राहू लागल्या, एकीमागे एक, सावलीसाठी नंबर लावून.

शेडवर परतल्यावर शिष्याला वाटलं होतं, आक्का काही बोलेल. आक्का म्हणाली, "फडकं पिळून दे."

एक काळी गाडी आली होती. आक्का बाजूला सरली आणि तिने त्याला मानेने खूण केली. त्याने डोळे मिटले आणि बॉनेटवर तळवा टेकवला. पत्रा किंचित खरखरीत लागला, मिठाने लागतो तसा. "ही समुद्राकाठी राहून आली आहे," तो हळूच म्हणाला.

"हं," आक्का म्हणाली. तिने त्याला जजसाहेब म्हटलं नाही.

त्याने डोळे उघडले. काळ्या पत्र्यात, फार खोल, एक घार संथपणे सरकत होती. फोन खिशात होता. त्याचा हात खिशाकडे गेला नाही, पत्र्यावरच राहिला.

कोणी आपल्यापुढे आदराने चार दारं उघडून धरली, तर कुठल्याही दारातून आत शिरण्याआधी इमारतीला एक फेरी मारून यावी.